सिमकेड रेसिंग गेम: वेग कुठे सापडतो आणि कुठे निसटतो

रेसिंग गेमची दोन टोकं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. एका टोकाला निव्वळ आर्केड: ॲक्सिलरेटर दाबून धरा, वळणावर गाडी आडवी घाला, नायट्रो मारा. दुसऱ्या टोकाला कडक सिम्युलेटर: थंड टायरवर पहिल्याच वळणात गाडी गिरकी घेते आणि शर्यत तिथेच आटोपते. ‘ग्रॅन टुरिस्मो’, ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’, ‘फोर्झा होरायझन’, ‘ग्रिड’ ही मंडळी या दोघांच्या मध्ये बसतात. खेळणारे त्यांना सिमकेड म्हणतात.

या मधल्या जागेचा एक स्वभाव आहे आणि तो ओळखला की निम्मं काम होतं. टायरची पकड शाबूत असेपर्यंत गाडी बऱ्याच अंशी खऱ्या गाडीच्या नियमांनी चालते. पकड सुटली की गेम तुमच्यावर माया करतो: घसरण हळू होते, सावरायला वेळ मिळतो, भिंतीला घासलं तरी गाडी चालू राहते. त्यामुळे नवा खेळाडू या मायेच्या प्रदेशातच रमतो. प्रत्येक वळणात टायर किंचाळतात, पडद्यावर धूर होतो, मजाही येते; पण लॅपची (ट्रॅकच्या एका फेरीची) वेळ काही केल्या खाली येत नाही. गेलेली सेकंदं बहुतेक वेळा ब्रेक दाबण्यात नव्हे, तर तो सोडण्यात गेलेली असतात. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे. पण त्याआधी पडदा, कंट्रोलर आणि मदतीच्या सेटिंग नीट लावून घ्यायला हव्यात, कारण चुकीच्या सेटिंगवर कितीही सराव केला तरी तो वाया जातो.

आधी पडदा

टीव्हीवर खेळत असाल तर त्यातला ‘गेम मोड’ चालू करा. तो बंद असताना टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी प्रक्रिया करत बसतो आणि तुमच्या बोटाची हालचाल पडद्यावर उशिरा दिसते. २०० किमी वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ५५ मीटर जाते. म्हणजे १०० मिलिसेकंदांचा उशीर झाला तर गाडी साडेपाच मीटर, स्वतःच्या लांबीपेक्षाही जास्त, पुढे गेलेली असते. तुम्ही योग्य जागी ब्रेक दाबता आणि तरी गाडी वळण चुकते, तेव्हा दोष हाताचा असेलच असं नाही.

गेममध्ये ‘क्वालिटी’ आणि ‘परफॉर्मन्स’ असे दोन पर्याय असतील तर डोळे झाकून परफॉर्मन्स घ्या. ३० फ्रेमवर प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंद टिकतं, ६० फ्रेमवर १७. घसरण सुरू झाल्याची पहिली खूण याच फरकात दिसते किंवा हुकते. मोशन ब्लर बंद करा किंवा अगदी कमी ठेवा. तो वेगाचा भास वाढवतो, पण ब्रेकच्या खुणा पुसट करतो. खेळताना मळमळत असेल तर ब्लर आणि कॅमेऱ्याचं हलणं आधी बंद करा. बहुतेकांना तेवढ्याने आराम पडतो.

कॅमेरा कोणता, यावर वाद कधीच संपत नाही. गाडीच्या मागचा कॅमेरा सोपा वाटतो, शेजारचे प्रतिस्पर्धीही दिसतात. पण गाडीचं शेपूट फिरायला लागलं की हा कॅमेरा थोडा मागाहून फिरतो, म्हणून घसरण उशिरा लक्षात येते. बॉनेट किंवा बंपरच्या कॅमेऱ्यात गाडीचं नाक आणि तुमची नजर एकाच रेषेत असते. नाक अर्धा अंश जरी सरकलं तरी कळतं. शिकायचं असेल तर बॉनेट कॅमेरा घ्या. खुल्या जगातल्या, रहदारी आणि झाडीच्या शर्यतींना मागचा कॅमेरा ठेवला तरी चालेल. कॉकपिटमधून खेळणं देखणं असतं, पण छोट्या पडद्यावर अर्धी जागा डॅशबोर्डच खातो.

दृश्यकोन बदलता येत असेल तर त्याचा हिशेब साधा आहे. २७ इंची मॉनिटर सुमारे ६० सेंटीमीटर रुंद असतो. तो डोळ्यांपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर खरा आडवा कोन सुमारे ५३ अंश येतो. ५५ इंची टीव्ही दोन मीटरवरून पाहिला तर हाच कोन ३४ अंशांच्या आसपास येतो. इतक्या अरुंद कोनात शेजारची गाडी दिसणारच नाही, म्हणून थोडी तडजोड करून तो वाढवावा लागतो. मात्र फार वाढवलात तर वळणं दूर आणि सपाट दिसतात, वेग अवाजवी वाटतो आणि तुम्ही प्रत्येक ठिकाणी लवकर ब्रेक मारता.

कंट्रोलर: अंगठ्याची शिस्त

आधी डेडझोन, म्हणजे स्टिक किंवा ट्रिगर हलवूनही गेम दाद देत नाही तो पट्टा. स्टीअरिंगचा आतला डेडझोन शून्यावर आणा आणि सरळ रस्त्यावर अंगठा उचलून गाडी चालू ठेवा. गाडी आपोआप एका बाजूला ओढत असेल तर एकेक अंक वाढवत जा आणि ओढणं थांबलं की तिथे थांबा. जुन्या कंट्रोलरला पाच-सात लागतील, नव्याला दोन-तीन पुरतात. ब्रेक (डावा ट्रिगर) आणि ॲक्सिलरेटर (उजवा ट्रिगर) यांचा आतला डेडझोनही असाच कमीत कमी ठेवा. ट्रिगरचा बाहेरचा डेडझोन, म्हणजे ट्रिगर किती टक्के दाबला की तो पूर्ण धरायचा तो अंक, १०० वर ठेवा. ट्रिगर पूर्ण दाबूनही पडद्यावरची पट्टी भरत नसेल तरच तो ९५ पर्यंत खाली आणा. बाहेरचा डेडझोन विनाकारण कमी केला तर ट्रिगर अर्धाच दाबला तरी पूर्ण ब्रेक लागतो आणि बारीक नियंत्रणाची सोय हातातून जाते.

‘फोर्झा’त स्टीअरिंगचा ‘सिम्युलेशन’ पर्याय आहे. नाव ऐकून मोह होतो, पण कंट्रोलरवर ‘नॉर्मल’च ठेवा. ‘नॉर्मल’मध्ये गेम अंगठ्याची अचानक हालचाल थोडी मऊ करून चाकांपर्यंत पोचवतो. छोट्याशा स्टिकला या मदतीची गरज आहे.

आता अंगठा. स्टिक एकदम टोकाला नेणं ही कंट्रोलरवरची सगळ्यात महागडी सवय आहे. पुढचं चाक जसजसं वळतं तसतशी टायरची बाजूची पकड वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. साध्या रस्त्याच्या टायरमध्ये ही मर्यादा टायर ज्या दिशेला रोखलेला आहे आणि प्रत्यक्ष जातो आहे, त्या दोन दिशांत साधारण ६ ते १० अंशांचा फरक पडला की येते. त्यापुढे चाक आणखी वळवलं तर पकड कमी होते. म्हणून गाडी वळत नाही असं वाटल्यावर स्टिक आणखी दाबली की ती आणखीच कमी वळते. उपाय उलटा वाटेल, पण स्टिक थोडी मागे घ्या. टायरचा कर्कश आवाज कमी होऊन नाक आत यायला लागेल.

कंपनाकडे लक्ष द्या. नव्या कंट्रोलरमध्ये ट्रिगरच बोलतात: डाव्या ट्रिगरमधली थरथर म्हणजे चाक अडकायच्या बेतात आहे किंवा एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) काम करतोय, उजव्यातली थरथर म्हणजे चाकं जागच्या जागी फिरताहेत. कंपन बंद करून खेळणारा हा फुकटचा इशारा गमावतो.

चाक घ्यायचं असेल तर

स्टीअरिंग व्हील आणल्याने वेग आपोआप वाढत नाही. पहिले काही दिवस उलट कमी होतो. सिमकेड गेम मुळात कंट्रोलर नजरेसमोर ठेवून बांधलेले असतात. चाकाने मिळते ती वेगळीच गोष्ट: गाडीचं वजन हाताला जाणवतं. ही कल्पना नवी नाही. १९८९ च्या ‘हार्ड ड्रायव्हिन’ या आर्केड यंत्रातही क्लच, गिअर आणि हाताला उलट जोर देणारं चाक होतं.

चाक डगमगणाऱ्या टेबलावर लावू नका. टेबल हललं की फोर्स फीडबॅकची, म्हणजे चाक हाताला देतं त्या उलट जोराची, निम्मी माहिती टेबलातच जिरते. पेडल मागे सरकत असतील तर भिंतीला टेकवा. बहुतेक चाकं ९०० अंश फिरतात. शर्यतीच्या गाड्यांना ३६० ते ५४० अंश पुरतात आणि घसरलेली गाडी सावरायलाही सोपं जातं. फोर्स फीडबॅकचा जोर पूर्ण वाढवायचा मोह टाळा. गिअरवर चालणाऱ्या सुरुवातीच्या चाकांचा जोर जेमतेम दोन न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. गेमने त्याहून जास्त मागितला की लांब वळणात चाक सगळीकडे सारखंच जड लागतं आणि पकड सुटत असल्याचं कळतच नाही. वेगवान लांब वळणात चाकाचा जडपणा कमी-जास्त होत नसेल, तर तो होईपर्यंत गेममधला जोर खाली आणा.

मदत कोणत्या क्रमाने काढायची

सगळी मदत एका दिवशी बंद करणारे बहुतेक जण दुसऱ्या दिवशी ती सगळी परत चालू करतात. एकावेळी एकच काढा आणि जुनी लॅप वेळ परत येईपर्यंत पुढे जाऊ नका.

१. आपोआप ब्रेक आणि आपोआप स्टीअरिंग पहिल्याच दिवशी बंद. ती चालू असेपर्यंत गाडी तुम्ही चालवतच नसता.

२. रेसिंग लाइन ‘पूर्ण’वरून ‘फक्त ब्रेकिंग’वर आणा. ही रेषा वाईट नाही, पण नजर गाडीच्या नाकासमोर खिळवून ठेवते. पाहायचं असतं वळणाच्या शेवटाकडे. रेषेचा लाल रंग तुमच्या त्या क्षणीच्या वेगावर ठरतो, आणि अनेकदा ती सावधपणे लवकर लाल होते. ट्रॅक पाठ झाला की तीही घालवा आणि खऱ्या खुणा पकडा: अंतराच्या पाट्या, कर्बची (ट्रॅकच्या कडेच्या रंगीत उंचवट्याची) सुरुवात, पुलाची सावली, डांबराचा बदललेला रंग. दुसऱ्या गाड्या झाकतील अशी किंवा हलणारी गोष्ट खूण म्हणून धरू नका.

३. स्टॅबिलिटी कंट्रोल. हा एकेका चाकाला स्वतःच ब्रेक लावून गाडी सरळ ठेवतो. तुम्हाला वाटतं गाडी शांत आहे. प्रत्यक्षात ती प्रत्येक वळणात वेग गमावत असते. ‘ग्रॅन टुरिस्मो’त हा एएसएम नावाने दिसेल.

४. गिअर हाताने. आपोआप गिअर वळणाच्या मधोमध बदलू शकतो आणि गाडीचा तोल बिघडवतो.

५. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे जोर दिल्यावर चाकं जागच्या जागी फिरू न देणारी मदत. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्ये त्याच्या ० ते ५ अशा पायऱ्या आहेत, तेव्हा एकदम शून्यावर न जाता ३, मग १ असं उतरा. ‘फोर्झा होरायझन’मध्ये तो चालू किंवा बंद एवढाच आहे, तिथे कमी ताकदीच्या गाडीवर बंद करून सवय लावा.

६. एबीएस सगळ्यात शेवटी, किंवा काढूच नका. कंट्रोलरच्या ट्रिगरवर चाक अडकण्याच्या नेमक्या उंबरठ्यावर बोट थांबवणं फार कठीण असतं. इथे अभिमान बाजूला ठेवलेला बरा.

पहिली गाडी आणि पहिला ट्रॅक

हजार अश्वशक्तीची गाडी गेम लवकरच हातात देतो. ती गॅरेजमध्ये राहू द्या. जास्त ताकदीच्या गाडीत सरळ रस्ता चुका झाकतो आणि वळणात सगळं इतक्या भरभर होतं की कशामुळे काय झालं ते कळत नाही. शिकायला १२० ते २०० अश्वशक्तीची, हलकी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्या. माझदाची एमएक्स-५ जवळपास प्रत्येक गेममध्ये असते आणि तिच्याइतका प्रामाणिक शिक्षक दुसरा नाही: वेग गमावला तर तो परत यायला वेळ लागतो, त्यामुळे वळणातली चूक पुढच्या सगळ्या सरळ पट्ट्यावर घड्याळात दिसत राहते.

ट्रॅक छोटा निवडा. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्ये जपानचा त्सुकुबा आहे, सुमारे दोन किलोमीटरचा: दोन तीव्र हेअरपिन (गाडीला जवळपास उलट फिरवणारी वळणं), मधली वळणं आणि शेवटचं लांब, वेगवान वळण. एक-सव्वा मिनिटात तेच वळण परत समोर येतं, म्हणून प्रयोगाचा निकाल ताबडतोब मिळतो. जवळपास २१ किलोमीटरचा नुर्बुर्गरिंग नॉर्डश्लायफ मनात कितीही असला तरी तिथे एक वळण पुन्हा भेटायला आठ-दहा मिनिटं थांबावं लागतं. ‘ग्रॅन टुरिस्मो’च्या लायसन्स परीक्षा पोरखेळ समजून सोडू नका. कांस्य पदकावर पुढे न जाता सुवर्णासाठी थांबलात, तर ब्रेकची जागा आणि मोजून सोडणं तिथेच हाताला बसतं.

एक वळण, पहिल्यापासून शेवटपर्यंत

वळणातला वेग मुख्यतः त्याच्या त्रिज्येवर ठरतो. टायर १ जी, म्हणजे गाडीच्या वजनाइतकी, पकड देत असतील तर ५० मीटर त्रिज्येचं वळण सुमारे ८० किमी वेगाने घेता येतं आणि ७० मीटरचं सुमारे ९४ किमीने. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेवरून आत शिरून, आतल्या कडेला स्पर्श करून, पुन्हा बाहेर जाण्यामागे एवढंच गणित आहे: त्याच रस्त्यावर तुम्ही त्रिज्या मोठी करता.

*ब्रेक.* अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. १ जी मंदनाने १०० किमीवरून थांबायला सुमारे ३९ मीटर लागतात, २०० किमीवरून सुमारे १५७. वेग दुप्पट, अंतर चौपट. म्हणून ताकदवान गाडीत जुनी ब्रेकची खूण चालत नाही. सुरुवातीला मुद्दाम लवकर ब्रेक करा आणि पहिल्या क्षणापासून जोरात दाबा. गाडी सर्वांत वेगात असताना ब्रेकचा सर्वांत जास्त उपयोग होतो. हळूहळू दाबत नेऊन शेवटी जोर वाढवणं ही नेमकी उलटी पद्धत आहे, आणि घाबरलेलं बोट हेच करतं.

*सोडणं.* इथे थोडं रेंगाळू या. टायरची एकूण पकड ठरलेली असते. ती ब्रेक आणि वळणं यांत वाटली जाते. पण ही वाटणी साध्या वजाबाकीने होत नाही, काटकोन त्रिकोणाच्या नियमाने होते. ब्रेकला १०० टक्के पकड दिली तर वळायला शून्य उरते. ब्रेकला ९० टक्के दिली तर वळायला ४४ उरते, ८० दिली तर ६०, आणि ब्रेकला ५० टक्के दिली तर वळायला तब्बल ८७ टक्के शिल्लक असते. म्हणजे अर्धा ब्रेक चालू ठेवूनही गाडी जवळपास पूर्ण क्षमतेने वळू शकते. शिवाय ब्रेकमुळे वजन पुढच्या चाकांवर आलेलं असतं, त्यामुळे नाक अधिक आज्ञाधारक होतं.

ब्रेक सरळ रेषेतच संपवून मग वळायचं, हा पहिल्या आठवड्याचा धडा ठीक आहे. पण तिथेच थांबलात तर ही शिल्लक पकड प्रत्येक वळणात वाया जाते. दुसऱ्या बाजूने, पूर्ण ब्रेक धरून स्टिक वळवलीत तर गाडी सरळच जाणार, कारण वळायला काही उरलेलंच नाही. जितकं स्टीअरिंग वाढेल तितका ब्रेक कमी व्हायला हवा: दोन्ही हालचाली एकमेकींना बांधलेल्या. यालाच ट्रेल ब्रेकिंग म्हणतात.

सराव असा करा. एकच हेअरपिन निवडा. पहिल्या पाच फेऱ्यांत ब्रेक सरळ रेषेत पूर्ण संपवा आणि एपेक्सचा (गाडी आतल्या कडेला सर्वांत जवळ येते त्या जागेचा) वेग टिपा. पुढच्या पाच फेऱ्यांत त्याच खुणेवर ब्रेक दाबा, पण वळायला सुरुवात करताना ट्रिगर अर्ध्यावर आणा आणि आतल्या कडेला पोचेपर्यंत तो शून्यावर न्या. गाडी आता एपेक्सच्या अलीकडेच फार हळू झालेली वाटेल. तेच अपेक्षित आहे. आता ब्रेकची खूण पाच मीटर पुढे ढकला, मग आणखी पाच. ज्या फेरीत गाडी आतल्या कडेला लागणार नाही, त्या आधीच्या फेरीची खूण तुमची. टेलिमेट्रीचा, म्हणजे गाडीचे आकडे दाखवणारा, पडदा उघडा ठेवला तर ब्रेकची पट्टी उतरत्या जिन्यासारखी नव्हे, घसरगुंडीसारखी खाली यायला हवी.

*बाहेर पडणं.* एपेक्सनंतर लांब सरळ पट्टा असेल तर आतली कड थोड्या उशिरा गाठा, म्हणजे नाक लवकर सरळ होतं आणि पूर्ण ॲक्सिलरेटर लवकर देता येतो. वळणाच्या आत गमावलेले दोन-तीन दशांश सेकंद सरळ पट्ट्यावर वसूल होतात. लागोपाठच्या वळणांत मात्र शेवटचं वळण महत्त्वाचं, आधीच्यात थोडा त्याग करा. ॲक्सिलरेटरचा नियमही तोच: स्टीअरिंग जितकं सरळ होईल तितकाच ट्रिगर खाली. अर्धा ट्रिगर देऊन पुन्हा सोडावा लागत असेल तर तुम्ही घाई केलीत. त्यापेक्षा क्षणभर थांबून एकदाच पूर्ण देणं वेगवान ठरतं.

गाडी ऐकत नाही तेव्हा

आधी विचारा: कुठे? वळणात शिरताना, मधे की बाहेर पडताना? लक्षण एकच दिसलं तरी कारण जागेप्रमाणे बदलतं.

शिरतानाच नाक सरळ ओढत असेल तर वेग जास्त आहे किंवा ब्रेक अजून जास्त दाबलेला आहे. स्टिक मागे घ्या, ब्रेक थोडा सोडा. मधे, दोन्ही ट्रिगर मोकळे असताना नाक बाहेर जात असेल तर तिथे फक्त थांबायचं; ॲक्सिलरेटर दिला की वजन मागे जाऊन नाक आणखी हलकं होईल. बाहेर पडताना नाक बाहेर जात असेल, तर पुढच्या किंवा चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत तुम्ही ट्रिगर लवकर दिलात.

शेपूट फिरण्याचीही तीच तऱ्हा. शिरताना फिरलं तर बहुधा ब्रेक एकदम सोडला गेला किंवा दोन गिअर एका दमात खाली आणले. मधे फिरलं तर ॲक्सिलरेटर झटक्यात सोडलात: वजन पुढे गेलं, मागची चाकं हलकी झाली. मागे इंजिन असलेल्या पोर्श ९११ मध्ये ही चूक विशेष महाग पडते. बाहेर पडताना फिरलं तर उजवं बोट जड आहे.

सावरताना स्टिक घसरणीच्या दिशेला न्या, पण खरी कसोटी पुढे असते. शेपूट परत जागेवर यायला लागताच स्टिक मध्यावर आणा, गाडी सरळ होण्याची वाट न पाहता. उशीर झाला तर वळवलेली चाकं पकड पकडताच गाडीला उलट्या दिशेने भिरकावतात. गाडी भिंतीला लागते ती बहुधा या दुसऱ्या झोलात. आणि घसरणीत ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर थोडा धरून ठेवला तर मागच्या चाकांवर वजन राहतं. गाडी पूर्ण गिरकी घेणार हे नक्की झालं, की मात्र पूर्ण ब्रेक.

चूक झाली की रिवाइंड, म्हणजे शर्यत थोडी मागे नेऊन पुन्हा खेळण्याची सोय, आहेच. २००८ च्या ‘रेस ड्रायव्हर: ग्रिड’ने ‘फ्लॅशबॅक’ नावाने ही सोय आणली आणि पुढच्याच वर्षी ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ३’मध्येही ती आली. सरावात ती बिनदिक्कत वापरा, फक्त पुरेसं मागे जा. घसरलेल्या जागी परत जाऊन काही शिकता येत नाही, कारण चूक तिथे झालेलीच नसते. ब्रेकच्या खुणेच्याही मागे जा. रिवाइंड वापरलेली लॅप ‘फोर्झा’च्या वेळयादीत स्वच्छ धरली जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

गिअर, थोडक्यात

वळणाआधी गिअर एकेक करून उतरवा, ब्रेकने वेग कमी होईल तसतसे. शंका असेल तिथे एक गिअर वरचा वापरून पाहा. मागची चाकं कमी फिरतात आणि वेळ अनेकदा तेवढीच येते. प्रत्येक गाडीत इंजिनचा काटा लाल रेषेपर्यंत न्यायलाच हवा असंही नाही. टर्बो गाड्यांची ताकद बहुधा त्याआधीच उतरू लागते.

ट्यूनिंगला कधी हात लावायचा

तुमच्या सलग पाच लॅपमधला फरक अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त असेल तोवर नाही. बदल गाडीत झाला की तुमच्या हातात, हे कळणारच नाही.

सुटे भाग बसवताना आधी टायर, मग वजन कमी करणं, मग ब्रेक, आणि इंजिन शेवटी. ‘फोर्झा होरायझन ५’मध्ये प्रत्येक वर्गाला गाडीच्या गुणांची मर्यादा असते (बी वर्ग ७०० पर्यंत, ए वर्ग ८०० पर्यंत), आणि सगळे गुण इंजिनावर उधळलेली गाडी सरळ पट्ट्यावर पुढे जाऊन पहिल्याच वळणात सगळं परत देते. वेगवान सपाट मार्गांचा अपवाद सोडला तर पकड जिंकते.

मग एकावेळी एकच बदल. मधल्या भागात नाक बाहेर जात असेल तर पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी) मऊ करा किंवा मागचा कडक. ज्या बाजूचा बार कडक, त्या बाजूच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार येतो आणि तिथली एकूण पकड कमी होते. मागच्या चाकांची गाडी बाहेर पडताना फिरत असेल तर डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या भागाचं) ॲक्सिलरेशन लॉक कमी करून पाहा. ब्रेक करताना शेपूट अस्थिर असेल तर ब्रेक बॅलन्स (पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधली वाटणी) पुढे सरकवा. पण स्लायडर कुठल्या दिशेला काय करतो ते आधी दोन्ही टोकांना नेऊन, कोणती चाकं अडकतात हे पाहून खात्री करून घ्या. कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे एक-दोन अंशांच्या आसपास, टो (चाकांचा आत-बाहेर रोख) शून्याजवळ. फायनल ड्राइव्ह (सगळ्या गिअरना लागू होणारं शेवटचं गुणोत्तर) असा लावा की सर्वांत लांब पट्ट्याच्या शेवटी वरच्या गिअरमध्ये काटा लाल रेषेच्या किंचित अलीकडे असेल. टायरचा दाब गाडी थंड असताना नव्हे, दोन-तीन लॅपनंतर टेलिमेट्रीत पाहून ठरवा, कारण गरम होताना तो वाढतो.

ओला रस्ता आणि माती

प्रत्येक पृष्ठभागाची पकड वेगळी असावी ही गोष्ट नव्वदच्या दशकातल्या ‘सेगा रॅली चॅम्पियनशिप’ने आर्केडमध्येच दाखवून दिली होती. आज ती सर्रास असते, तरी खेळाडू पावसात कोरडीच रेषा धरतात. खऱ्या ट्रॅकवर नेहमीच्या रेषेवर रबर घासलेलं असतं आणि ओलं झालं की तेच निसरडं होतं. कोणत्या गेममध्ये हे किती उतरलंय, ते एक फेरी बाहेरच्या बाजूने मारून तपासा. साचलेल्या पाण्यातून मात्र स्टीअरिंग सरळ ठेवूनच जा. मातीवर वळणं लवकर सुरू करावं लागतं, आणि किंचित घसरण तिथे खरोखर वेग देते. डांबरावर नाही.

इतरांबरोबर

संगणकाच्या गाड्यांची पातळी अशी ठेवा की तुम्ही पाचांपैकी एखादीच शर्यत जिंकाल. सतत जिंकत असाल तर ब्रेकची खूण कधी पुढे सरकणार नाही.

ऑनलाइन पहिल्या वळणात नेहमीपेक्षा बरंच लवकर ब्रेक करा. समोरच्या गाड्यांच्या मागे हवा पातळ असते, म्हणजे सरळ पट्ट्यावर वेग वाढतो आणि थांबायला अंतर जास्त लागतं. वर सगळे एकाच अरुंद जागेत शिरत असतात. आतून पुढे जायचं असेल तर वळायला सुरुवात होण्याआधी तुमचं नाक निदान समोरच्याच्या दाराशी हवं. नसेल तर तो तुम्हाला पाहू शकत नाही, आणि धडक तुमच्या नावावर जाते. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्ये चालकाच्या वेगाची आणि खेळाडूवृत्तीची श्रेणी वेगवेगळी ठेवली जाते. खेळाडूवृत्तीची घसरली की तुमची गाठ तुमच्यासारख्याच धडकणाऱ्यांशी पडू लागते. मागून येणारा स्पष्टपणे वेगवान असेल तर त्याला सरळ पट्ट्यावर जाऊ द्या, दोन लॅप त्याच्या मागे राहा आणि त्याचे ब्रेकचे दिवे कुठे लागतात यापेक्षा कुठे विझतात ते पाहा.